बाहेरच्या थरापुरती शिवण

अण्णा, तेराव्याला आलेला जो तो मला हेच सांगून गेला, की तुम्ही आयुष्यात कुणाशी भांडला नाहीत. माझ्या हातात वाढपाचं भांडं होतं म्हणून मी गप्प बसले. नाही तर तिथल्या तिथे सांगितलं असतं, माझ्याशी भांडले. दोन वर्षं भांडले. ओठात दोरा धरून, मान वर न करता भांडले, आणि दर वेळी शेवटचं वाक्य त्यांचंच असायचं.

तुमचा जन्म कधीचा, आपलं घराणं बेंगळुरात किती पिढ्यांचं, शेवटी कुठल्या दवाखान्यात नेलं, हे सगळं आपल्या मराठी मंडळाच्या फळ्यावर लिहून झालंय. मला आपल्या भांडणाबद्दल लिहायचंय. त्यातली एक गोष्ट मी मंडळाच्या ह्याच मासिकात, ह्याच वाचकांपुढे, चुकीची छापली होती. तुम्ही ती वाचलीत, अंक घडी करून कपाटात ठेवलात, आणि चूक मला दाखवली नाहीत. का दाखवली नाहीत, ते मला तुम्ही गेल्यावर कळलं.

तुम्ही बाबांचे थोरले भाऊ. ते अण्णा म्हणायचे म्हणून मीही अण्णाच म्हणत आले. बाबा कारखान्यातल्या युनियनची पत्रकं लिहायचे, आणि ती छापून झाली की गठ्ठा सायकलवरून थेट तुमच्या दुकानात यायचा. मल्लेश्वरममधल्या त्या चिंचोळ्या दुकानात तुमचं कापायचं टेबल तेवढं ऐसपैस होतं. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यावरचं कापड बाजूला सारून तुम्ही दोघं भाऊ घड्या घालत बसायचात. मी टेबलाखाली बसून शाई फिसकटलेली, वाया गेलेली पत्रकं वाचायचे. बाकीची मुलं गोष्टींच्या पुस्तकांवर वाचायला शिकली, मी ‘आमच्या मागण्या’वर शिकले. बाबा गेले तरी घड्या थांबल्या नाहीत. पत्रकं माझी झाली, टेबल तुमचंच राहिलं.

दुकानाच्या पुढच्या भागात शाळांचे गणवेश, आणि मागच्या खणात मोटर रेसिंगवाल्यांचे सूट. कधीकाळी कुणी ओळखीच्याने एक फाटका सूट आणला, तुम्ही तो असा सांधलात की त्या लोकांनी पुन्हा दुसऱ्या शिंप्याचं तोंड पाहिलं नाही. मी नऊ वर्षांची असताना स्कूटरवर मागे बसवून मला येलहंक्याच्या पलीकडच्या मातीच्या ट्रॅकवर नेलं होतंत. धूळ एवढी, की तुम्ही माझ्या नाकाला रुमाल बांधलात. सगळं जग गाड्यांकडे बघत होतं, तुम्ही ड्रायव्हरांच्या खांद्यांकडे. पहिल्या आलेल्याने कप उंच धरला तशी त्याची बाही वर ओढली गेली, आणि तुम्ही हळहळलात, "स्वल्प सैल ठेवायला हवी होती." तो नाचत होता आणि तुम्ही वाईट वाटून घेत होतात.

तिथेच मी ती खूण पहिल्यांदा पाहिली. जांभळ्या गोलात पांढरा थेंब. तेल कंपनीचा. गाडीच्या नाकावर तो, कठड्यावर तो, ड्रायव्हरच्या छातीवर तो.

"हा थेंब कोणी लावला, अण्णा?"

"छातीवरचा मी," तुम्ही म्हणालात.

मला केवढा अभिमान वाटला होता! आठवडाभर शाळेत सगळ्यांना सांगत फिरले, की टीव्हीत दिसतो तो थेंब आमचे अण्णा शिवतात.

पुढे तोच थेंब माझ्या डोक्यात गेला. कंपनीचा तेलाचा डेपो शहराबाहेर आहे. त्याला लागून असलेल्या वस्तीत मी गेले, तेव्हा एका बाईने विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन माझ्या नाकाशी धरलं. पेट्रोल पंपावर येतो तसला वास. अर्ज देऊन देऊन ती बाई थकली होती. आणि त्याच आठवड्यात शहरभर कंपनीचे फलक लागले, ‘खेळाला बळ’. मोटर रेसिंग, सायकल शर्यत, शाळांचं क्रिकेट, मुलींची कबड्डी, जिकडे बघाल तिकडे छातीवर थेंब. विहिरीकडे बघायला कंपनीला सवड नव्हती, कबड्डीच्या मुलींच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढायला होती.

मी इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते. संध्याकाळी परतताना बस ट्रॅफिकमध्ये अडकली होती, तेव्हा मी मोबाइलवर ते पत्रक लिहून काढलं. कानडीत. त्यातलं एक वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते जाड ठशात घातलं. ‘हा थेंब खेळाडूच्या छातीवर शिवणारा हातही त्या विहिरीत विष कालवतो.’

खरं सांगते अण्णा, लिहिताना तुम्ही माझ्या मनात नव्हता. माझ्या लेखी ‘हात’ ही एक कल्पना होती. तिला बोटं नव्हती, अंगठी नव्हती. आणि पत्रक छापून आल्यावर, इतक्या वर्षांच्या सवयीने, जराही विचार न करता, मी तो गठ्ठा उचलून तुमच्याच टेबलावर आणून टाकला. पत्रकांच्या घड्या जिथे होतात तिथे.

तुम्ही चष्मा लावलात. पहिला कागद तुमच्या पद्धतीने वाचलात, ओठ हलवत, वरपासून खालपर्यंत. जाड ठशापाशी ओठ थांबले. मग पुढे गेले.

"पुट्टी, हे सगळे आजच?"

सत्ताविशी उलटलेल्या बाईला तुम्ही अजून पुट्टी म्हणायचात, कानडीत छोटीला म्हणतात तसं.

"हो. उद्या मैदानावर कंपनीचा कार्यक्रम आहे ना. गेटवर वाटायचेत."

"सरी, बरं," तुम्ही म्हणालात, आणि टेबलावरचं कापड सारलंत.

अर्धा गठ्ठा झाल्यावर माझी नजर मागच्या खणाकडे गेली. दांडीवर चार सूट लटकत होते, आणि खिडकीत बिस्किटांच्या डब्यात थेंबाचे कापडी बिल्ले. तेव्हा मला कळलं. माझे कान तापले. त्या क्षणी "अण्णा, राहू द्या" एवढं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. मी स्वतःला सांगितलं, की बाबांची मुलगी छापलेल्या शब्दावरून मागे हटत नाही. खरं कारण एवढं मोठं नव्हतं. मला लाज वाटली होती, आणि लाज वाटली की मी आणखीच ताठ होते.

तुम्ही एवढंच म्हणालात, "दुसऱ्या घडीवर अंगठा दाब. नाही तर उघडतं ते."

दुसऱ्या दिवशी गेटवरून पोलिसांनी मला उचललं. दुपारपर्यंत ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. माझे सभांमधले मित्र फोनवर निषेधाची भाषा ठरवत होते, आणि तुम्ही डबा घेऊन आलात. आत येऊन माझ्याशी बोलला नाहीत, आधी हवालदाराकडे गेलात. "सदऱ्याचं बटण लोंबतंय तुमच्या," म्हणालात, आणि खिशातली सुई काढून उभ्या उभ्या त्याचं बटण लावून दिलंत. तो बिचारा हनुवटी वर करून, हलायचं नाही म्हणून श्वास धरून उभा. मग त्यानेच साहेबाला जाऊन सांगितलं, चांगल्या घरची मुलगी आहे, सोडून द्या. मी रस्त्यावर येऊन तुमच्यावरच चिडले. म्हटलं, तुम्ही माझी अटक बटणावर मिटवलीत. तुम्ही म्हणालात, "जेव आधी. पुढची अटक मोठी कर, मी येत नाही."

त्या दिवशी मी तुमचे आभार मानले नाहीत. आज मानते. किती उशीर.

पत्रकाने काय झालं, तेही लिहायला हवं. गाड्यांवरचा थेंब जागचा हलला नाही. क्रिकेटचा हलला नाही. वाद नको म्हणून कंपनीने सगळ्यांत लहान डहाळी तेवढी छाटली. येलहंक्याच्या मुलींची कबड्डी. त्यांची मॅट एका सकाळी टेम्पोत घालून परत नेली. मुलींना शिकवणाऱ्या बाई तुमच्याकडे आल्या, आणि तुम्ही गणवेशांच्या उरलेल्या कापडातून त्यांचे शर्ट बेतायला घेतलेत. मी दुकानात आले तेव्हा काकू डबा घेऊन आली होती, आणि तुम्ही खडूने रेघा मारत होतात.

"तू चिंधी कापलीस ग," तुम्ही म्हणालात. "तागा तसाच आहे."

"कंपनीच्या मेहेरबानीवर मुलींनी खेळायचं, हेच मुळात चूक आहे."

"चूकच आहे. मग आता काय करू दे त्यांनी? तुझ्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत दोरीवरच्या उड्या मारू दे?"

"सरकारने द्यायला पाहिजे."

"पाहिजेच. सरकारला मापं पाठव. मी शिवून ठेवतो."

"तुम्ही सगळ्याची चेष्टा करता, अण्णा!"

"चेष्टा नाही. छाती किती, उंची किती, ते लिहून पाठव."

काकू डबा आपटून म्हणाली, "दोघं जेवा आधी. क्रांती गार होत नाही, आमटी होते."

त्या मुली आता शाळेच्या मागे मातीत खेळतात, तुमच्या शर्टात, छातीवर काहीही नसलेल्या. त्यातली एक खरचटलेलं कोपर दाखवून मला म्हणाली होती, अक्का, मॅट होती तेव्हा असं होत नव्हतं. मी तिला विहिरीबद्दल सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मोठी समजूतदार मुलगी आहे, आणि तिच्या समजूतदारपणाची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर काही महिन्यांनी मागच्या खणातली दांडी रिकामी दिसली. सूट नाहीत, बिल्ल्यांचा डबा नाही.

"रेसिंगचं काम दिसत नाही हल्ली?" मी विचारलं.

"बंद झालं ते."

"तुम्ही सोडलंत?"

तुम्ही सुईत दोरा ओवत होतात. तो ओवलात, गाठ मारलीत. मग म्हणालात, "सोडलं म्हण हवं तर."

मी ‘हवं तर’ ऐकलं नाही असं नाही. ऐकलं, आणि सोडून दिलं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. माझ्या पत्रकाने माझ्या घरातला माणूस बदलला होता! पुढच्या महिन्यात सभा झाली, आणि मी माइक हातात घेऊन सांगितलं, "कंपनीला वाटतं आपण विकले गेलोय. माझ्या घरातल्या शिंप्याने तिचा बिल्ला शिवायला नकार दिला. त्याने सुई खाली ठेवली." टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत तुम्ही काकूबरोबर बसला होतात. लोक मागे वळून तुमच्यासाठी टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा तुम्ही खुर्चीतून अर्धे उठलात, हात जोडलेत, आणि पटकन बसलात. परतताना रिक्षात तुम्ही एवढंच म्हणालात, "माइक इतका तोंडाजवळ धरू नकोस. आवाज फुटतो."

तेच मी पुढे ह्या मासिकात लिहिलं. ‘सुई खाली ठेवणारे हात’. लोकांनी तुम्हाला फोन करून शाबासकी दिली. तुम्ही सगळ्यांना सरी सरी म्हणत राहिलात.

तेव्हापासून तुमचं एक नवीन सुरू झालं. मी यायच्या आधी फोन करावा म्हणून मागे लागायला लागलात. "सुम्ने बंद दुकान बघून परत जाशील," म्हणायचात. उगीच कशाला हेलपाटा, असं. आणि मी आले की टेबलावर गणवेशाच्या चौकडीच्या कापडाचा हा ढीग, त्याच्या कडा हातांनी सारख्या करत तुम्ही उभे. मला वाटायचं, म्हातारपणी टापटीप सुचलीय.

तेराव्यानंतर काकूने किल्ल्या माझ्या हातात दिल्या. शाळा सुरू आहेत, लोकांचे गणवेश पडलेत, ज्याचे त्याला देऊन टाक म्हणाली. मी शटर उघडलं. टेबलावर तो चौकडीचा ढीग तसाच होता. मी तो उचलला, आणि खाली रेसिंगचा सूट होता. छातीची कडेची शिवण चार बोटं उसवलेली. तिथे थेंबाचा बिल्ला टाचलेला. एक बाजू शिवून झालेली, तीन बाकी.

मी स्टुलावर बसले. मला काय वाटलं ते लपवत नाही. राग आला. तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते आणि मी तुमच्या दुकानात बसून तुमच्यावर संतापले होते. मला फसवलंत, मनात म्हटलं. सभेत हात जोडलेत, आणि पाठीमागे त्यांचाच बिल्ला शिवत राहिलात. कंपनीने शेवटी तुम्हालाही विकत घेतलं, इथपर्यंत माझी मजल गेली. एकटीच होते, म्हणून मोठ्याने म्हणाले नाही एवढंच.

तेवढ्यात दारात एक मुलगा आला. पंचविशीचा असेल. "अण्णा?" म्हणून त्याने आत डोकावलं.

तो बाहेरगावी होता. त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं, तसा तो उंबऱ्यावरच खाली बसला. त्याचं नाव नवीन. सूट त्याचा होता. आम्ही कानडीत बोललो, पण मला ते आपल्याच भाषेत आठवतंय.

"हा सूट इथे कसा?" मी विचारलं. "अण्णांनी हे काम सोडलं होतं."

"सोडलं? कोण म्हणालं?"

"मी म्हणाले," मी म्हटलं.

मग त्याने सांगितलं. अण्णा, तुम्ही काम सोडलं नव्हतंत. तुम्हाला काढलं होतं. कंपनीचा माणूस दुकानात आला, तेव्हा नवीन इथेच होता. त्याला बिल्ला मोठा हवा होता आणि दोरा चमकदार. तुमचा दोरा आगीत न पेटणारा, मद्रासहून मागवलेला, मळकट रंगाचा. टीव्हीवर उठून दिसत नाही, तो म्हणाला. "आग टीव्ही बघून लागत नाही," तुम्ही म्हणालात. तो हसला. मग तुम्ही त्याचंच कार्ड टेबलावर ठेवलंत, त्याच्यावर त्याचा चमकदार दोरा धरून काडी ओढलीत. कापड ओळखायला शिंपी दोरा जाळून बघतात, तसं. दोरा वितळला, त्याचा पेटता थेंब कार्डावर पडला आणि त्याच्या नावाच्या बरोबर मधोमध भोक पडलं. "हे कार्ड आहे," तुम्ही म्हणालात. "आत पोराची छाती असते."

"काय चेहरा झाला होता त्याचा, अक्का!" नवीन हसला, आणि हसता हसता त्याला रडू आलं. "पुढच्या आठवड्यापासून सूट दुसऱ्या दुकानात जायला लागले. भरतकामाच्या मशीनवर. सुई सगळ्या थरांतून आरपार. अण्णा म्हणायचे, आरपार शिवलं की आगीला आत यायला वाट मिळते. म्हणून आम्ही चार-पाच जण गुपचूप इथे आणायचो. अण्णा तिथला बिल्ला उसवायचे आणि न पेटणाऱ्या कापडाचा, त्याच मापाचा, स्वतः लावून द्यायचे. फक्त बाहेरच्या थराला."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

तो ओशाळला. "तुम्ही सभेत बोललात ना, त्यानंतर म्हणाले, पुट्टीला कळू देऊ नका. तिने चार लोकांत सांगितलंय, तिचा शब्द खोटा पडायला नको."

अण्णा, तुम्ही माझ्या खोट्याची राखण करत होतात. फोन करून ये म्हणत होतात. पांढऱ्या केसांचे तुम्ही, मी येणार म्हटल्यावर शाळकरी पोरासारखे कापड ओढून काम लपवत होतात, का, तर भाषणात मी तोंडघशी पडू नये. आणि मी त्या टेबलाशी बसून तुम्हाला निष्ठा म्हणजे काय ते शिकवत होते.

मी नवीनला विचारलं, त्या विहिरीबद्दल तुला माहीत आहे का. मला वाटलं, निदान हे तरी मी सांगेन.

"वाचलंय अक्का. अण्णांनीच दिलं तुमचं पत्रक. सूट परत देताना सगळ्यांना द्यायचे. म्हणायचे, आधी हे वाच, मग ते घाल."

"मग?"

"वाचलं. आणि घातलं." तो खाली बघत म्हणाला. "गाडी त्यांचीच आहे, अक्का. बिल्ला नाही तर गाडी नाही. मी काय करू?"

रविवारी त्याची शर्यत होती. तो म्हणाला, राहू द्या, मी दुसरीकडे बघतो. दुसरीकडे हा दोरा आहे का, मी विचारलं. नाही म्हणाला. काकूच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचंय, तिला सुईचं नाकसुद्धा दिसत नाही. मुलगा उठून उभा राहिला होता, सूट त्याच्या हातात होता. तो गेला असता तर संध्याकाळपर्यंत त्या बिल्ल्यातून सुई आरपार गेली असती. मी त्याला जाऊ दिलं असतं तर माझ्या तत्त्वाला धक्काही लागला नसता. मी तर काहीच केलं नव्हतं, असं मला आयुष्यभर म्हणता आलं असतं.

मी म्हटलं, "दे इकडे."

मला दुमड घालण्यापलीकडे काही येत नाही, तुम्हाला माहीत आहे. नवीनने तुम्ही कसं करायचात ते दाखवलं. उसवलेल्या फटीतून डावा हात दोन थरांच्या मध्ये घालायचा, बोट बिल्ल्याच्या खाली धरायचं, आणि वरून टाका घ्यायचा. सुई बोटाला टोचली की थांबायचं, म्हणजे ती आतल्या थरात जात नाही. तुमच्या डाव्या बोटांवर कायम सुई टोचल्याच्या खुणा असायच्या. नंबर वाढलाय, चष्मा बदला, असं मी तुम्हाला किती वेळा सुनावलं होतं! तुम्ही प्रत्येक टाक्याला स्वतःचं बोट मध्ये घालत होतात आणि मी तुमच्या डोळ्यांची चौकशी करत होते.

तीन बाजू शिवायला मला दुपार गेली. नवीन समोर बसून होता. शेवटी म्हणाला, "स्वल्प तिरका आलाय, अक्का." मी म्हटलं, असू दे, तुझ्या कंपनीला सरळ मिळायचा नाही माझ्याकडून. त्या दुपारी आम्ही दोघं तेवढंच हसलो.

संध्याकाळी काकूला किल्ल्या परत दिल्या आणि सगळं सांगितलं. ती काही चकित झाली नाही.

"कापड तर पुष्कळदा मीच टाकायचे वरून," ती म्हणाली.

"काकू, मग तू तरी बोलायचंस!"

"तू ऐकायला बसायचीस कधी? बोलायलाच यायचीस."

ती टोचून बोलली नाही. भाजी निवडत होती, निवडत राहिली.

बाबांचा एक नियम होता. पत्रकात चूक गेली, तर दुरुस्ती त्याच ठशात, तेवढ्याच प्रती काढून, त्याच लोकांच्या हातात द्यायची. कोपऱ्यात बारीक अक्षरात क्षमा मागणाऱ्यांचा त्यांना तिटकारा होता. तेव्हा इथेच लिहिते. माझ्या पत्रकामुळे अण्णांनी सुई खाली ठेवली, हे मी ह्या मासिकात लिहिलं ते खरं नव्हतं. अण्णांनी सुई कधीच खाली ठेवली नाही. एका पोराची छाती भाजू नये म्हणून ते अडून बसले, तेव्हा त्यांना कामावरून काढलं गेलं. आणि काढल्यावरही ते तेच काम करत राहिले. त्यात माझा काहीही वाटा नव्हता.

कंपनीविषयी मी लिहिलेलं एकही वाक्य मात्र मागे घेत नाही. विहिरीच्या पाण्याला अजून वास येतो. ओंजळ पुढे करणारी ती बाई अजून तिथेच आहे. नवीनची शर्यत टीव्हीवर दाखवली तेव्हा त्याच्या छातीवरचा थेंब मी पाहिला, तिरका, आणि मला एकाच वेळी चीड आली आणि बरं वाटलं. ह्याचं काय करायचं ते मला तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही मान वर न करता काहीतरी म्हणाला असतात, मी चिडून उठले असते, रिक्षात बसल्यावर ते मला पटलं असतं. आता चिडायला कोणाकडे जाऊ?

एक राहिलं. जाड ठशातलं ते वाक्य. पत्रकाची नवीन आवृत्ती काढायची आहे आणि मित्र म्हणतात, तेवढं वाक्य काढून टाक, अण्णांसारख्या माणसाला लागेल असं कशाला ठेवायचं. मी त्याच्यावर पेन्सिल धरून दोन दिवस बसले. थेंब शिवणारा हात आता माझाही आहे. तुमच्यावर होतं तेव्हा मी ते छापलं, अण्णा. माझ्यावर आलं म्हणून आता खोडणार नाही.